जुन्या गाडीची जागा रस्त्यावर

जुन्या गाड्यांच्या क्लबांची एक जागतिक संघटना आहे, ‘फिवा’ नावाची. १९६६ साली ती स्थापन झाली. ऐतिहासिक वाहन कशाला म्हणायचं याची तिने एक व्याख्या केलेली आहे. गाडी किमान ३० वर्षं जुनी हवी, मूळ रूपाला धरून जपलेली हवी आणि रोजच्या प्रवासाचं साधन म्हणून ती वापरात नसावी. पहिल्या दोन अटींबद्दल माझी काही तक्रार नाही. तिसरी अट मात्र मला मुळातच चुकीची वाटते. गाडी ही माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी बनवलेली वस्तू. तिने तेच काम सोडावं, मग आम्ही तिला वारसा म्हणू, असं म्हणण्यात कुठेतरी गल्लत आहे.

ही अट का आली असेल, ते समजण्यासारखं आहे. जुन्या गाडीला करात सूट मिळते, प्रदूषणाच्या नियमांतून सवलत मिळते. ही सवलत घेऊन कुणी खटारा गाड्या रोज पळवायला लागला तर? सरकारला ही भीती वाटणं साहजिक आहे, आणि म्हणूनच अनेक ठिकाणच्या नियमांत हाच विचार कमीअधिक कडक स्वरूपात उतरलेला दिसतो. भारताने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं आली, पण गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक अभ्यासासाठी किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची म्हणून. नेहमीच्या वापराला मनाई. जर्मनीने याच्या उलट वाट धरली. तिथे १९९७ पासून ३० वर्षांवरच्या, नीट राखलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळतं आणि मग मालकाने ती कुठे, कशासाठी चालवायची यावर बंधन राहत नाही. भाजी आणायला न्या, नाहीतर कामावर न्या. गाडीची नियमित तपासणी मात्र चुकत नाही.

माझं म्हणणं असं आहे की जर्मनीची वाट बरोबर आहे. जुन्या गाडीवर बंधन हवंच, पण ते ती कशासाठी चालते यावर नको, किती चालते यावर हवं.

यामागचं पहिलं कारण जपणाऱ्या माणसाशी संबंधित आहे. रोजच्या वापराला मनाई केली की जुनी गाडी कोण ठेवू शकतं? ज्याच्याकडे रोजसाठी दुसरी गाडी आहे, दोन गाड्या उभ्या करायला जागा आहे आणि एक गाडी नुसती उभी ठेवण्याचा खर्च ज्याला झेपतो, तो. वडिलांची जुनी गाडी गेली कित्येक वर्षं प्रेमाने चालवत आलेला शिक्षक किंवा स्वतःच्या हाताने इंजिन उघडून बसवणारा मेकॅनिक या अटीत बसत नाही. जुन्या गाड्या हा श्रीमंतांचा शौक आहे अशी टीका नेहमी होते. ती खरी ठरवण्याचं काम नियमच करतात.

दुसरं कारण बघणाऱ्याचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बघणारे पुष्कळ असतात. संग्रहालयात माणूस ठरवून जातो. तिकीट काढतो, पाटी वाचतो, दोरीच्या अलीकडून बघतो. त्याला आधीच गोडी असते म्हणून तो तिथे असतो. रस्त्यावर जुनी गाडी दिसते ती शाळेतून घरी निघालेल्या मुलाला, बसच्या खिडकीत बसलेल्या बाईला, सिग्नलला कंटाळलेल्या स्कूटरवाल्याला. त्यांनी काही ठरवलेलं नसतं. अचानक समोर एक वेगळाच आकार येतो आणि मान आपोआप वळते. ही काय गाडी आहे, कुठली, कधीची, आपल्या आसपासच्या गाड्या अशा का नाहीत, हे प्रश्न तिथे सुरू होतात. आज जगभर विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी बहुसंख्य पांढऱ्या, काळ्या किंवा करड्या असतात. वाऱ्याचा रोध कमी करायचा, पादचाऱ्याला धडक बसली तर इजा कमी व्हावी म्हणून बॉनेट उंच ठेवायचं, एकाच सांगाड्यावर चार मॉडेल काढायची, या सगळ्या सयुक्तिक कारणांनी गाड्यांचे आकार एकमेकांजवळ येत गेले. अशा रस्त्यावर फिकट हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची एक गाडी गेली तरी रस्त्याचा इतिहास डोळ्यांसमोर येतो.

आणि काही गोष्टी रस्त्यावरच कळतात. मूळ मिनीचं उदाहरण घ्या. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगानंतर पेट्रोलची टंचाई झाली आणि कमी इंधनात चार माणसं नेणारी छोटी गाडी हवी म्हणून अॅलेक इसिगोनिसने तिचा आराखडा केला. १९५९ मध्ये ती बाजारात आली. लांबी जेमतेम ३.०५ मीटर. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खालीच तेलाच्या टाकीत घातलेला, चाकं १० इंचांची. हे सगळं पुस्तकात वाचता येतं. पण सिग्नलला ती एखाद्या आजच्या एसयूव्हीच्या शेजारी येऊन थांबते तेव्हा तिचं छप्पर शेजारच्या गाडीच्या छपराच्या बरंच खाली राहतं, आणि आत चार मोठी माणसं बसलेली असतात. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आपण गाड्या किती फुगवल्या, हे तेव्हा एका नजरेत समजतं. आज त्याच नावाने विकली जाणारी गाडीसुद्धा मूळ गाडीहून पाऊण मीटरपेक्षा जास्त लांब आहे. संग्रहालयात मिनीच्या शेजारी तिच्याच काळातल्या गाड्या असतात. तिथे हा फरक दिसतच नाही.

सित्रोएन डीएस ही तर उभी असताना अर्धीच दिसते. १९५५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आली तेव्हा पहिल्याच दिवशी हजारो लोकांनी मागणी नोंदवली होती. मी एकदा पार्किंगमध्ये ही गाडी सुरू होताना जवळून पाहिली. बंद असताना ती जमिनीलगत बसलेली होती, मागची चाकं पत्र्याखाली अर्ध्याहून अधिक झाकलेली. मालकाने इंजिन सुरू केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पंपाचा टकटक आवाज आला आणि सगळी गाडी सावकाश वर उचलली गेली, स्प्रिंगांवर नव्हे, तर तेलाच्या आणि वायूच्या दाबावर. स्टिअरिंगला एकच दांडी होती. ब्रेकच्या जागी पायाशी रबराची गुंडी होती. मागचे इंडिकेटर छपराच्या कोपऱ्यात, नळकांड्यासारख्या खोबणीत बसवलेले. शेजारी उभा असलेला एक मुलगा खाली वाकून चाकाकडे बघायला लागला आणि मालकाने त्याला तरफ हलवून गाडी पुन्हा खाली-वर करून दाखवली. ही गाडी काचेआड ठेवली तर एक देखणं शिल्प उरतं. तिच्यात जे नवं होतं ते सगळं हालचालीत होतं.

फसलेल्या कल्पनाही अशाच रस्त्यावर भेटायला हव्यात. १९६७ च्या एनएसयू आरओ ८० मध्ये पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं व्हँकेल इंजिन होतं. तिचा आकार इतका पुढचा होता की आजही ती जुनी वाटत नाही. पण रोटरच्या टोकांवरची सीलं लवकर झिजायची, हमीखाली इंजिनं बदलून देता देता कंपनी टेकीला आली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनने तिला ऑडीबरोबर जोडून टाकलं. स्वीडनच्या साबने किल्लीचं भोक स्टिअरिंगजवळ न ठेवता दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यापाशी ठेवलं होतं, आणि रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय किल्ली निघायचीच नाही. साबच्या गाड्या बनणं थांबलं, ती पद्धतही गेली. गाडी बनवण्याच्या इतिहासात जिंकलेल्या कल्पना आजच्या प्रत्येक गाडीत आहेत, त्यांची काळजी करायला नको. हरलेल्या कल्पना मात्र जुन्या गाड्यांतच शिल्लक आहेत.

इथे एक अडचण आहे, आणि ती बहुतेक शौकिनांनाही मान्य करायला जड जाते. जपलं काय जातं? महाग गाड्या. बुगाटी, फेरारी, रोल्स-रॉइस यांची काळजी बाजारच घेतो. फ्रान्समधल्या म्युलूझ शहरात श्लुम्फ बंधूंनी कापडगिरण्यांच्या पैशातून ४०० हून जास्त गाड्या गुपचूप जमवल्या होत्या, त्यात शंभरावर बुगाटी. गिरण्या बुडाल्या, बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले आणि १९७७ मध्ये चिडलेले कामगार आत शिरले तेव्हा बाहेरच्या जगाला तो साठा दिसला. पुढे त्याचं राष्ट्रीय संग्रहालय झालं हे चांगलंच झालं. पण त्या बुगाटींपैकी एखादी हरवली असती तर कुणीतरी शोधलीच असती. ज्या गाड्यांतून लाखो कुटुंबं खरोखर फिरली, त्या मात्र कुणाच्या लक्षातही न येता संपतात. ब्रिटनमध्ये मॉरिस मरिना एके काळी गल्लोगल्ली होती. आज तिथल्या रस्त्यांवर ती शोधून सापडत नाही. हे ओळखून तिथे २०१४ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ नावाचा मेळा भरतो, ज्यात मुद्दाम साध्या, बेस मॉडेलच्या, कुणीही न जपलेल्या गाड्यांना मान मिळतो. खिडक्या हाताने फिरवून उघडणाऱ्या, रेडिओच्या जागी प्लास्टिकची पट्टी असलेल्या गाड्या. मला ही कल्पना फार योग्य वाटते. इतिहास सामान्य माणसांचाही असतो असं आपण मान्य करत असू, तर तो सामान्य गाड्यांचाही असला पाहिजे.

सामान्य गाडी मरते ती तरुणपणी नाही आणि म्हातारपणीही नाही. ती मरते पंधरा ते तीस या वयात. तेव्हा ती नवी नसते आणि जुनीही नसते, नुसती वापरलेली असते. किंमत उतरलेली, पत्र्याला गंज धरायला लागलेला, दुरुस्तीचा एक मोठा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. कुणीही तिच्याकडे वळून बघत नाही. आणि नेमका याच वयात कायदाही तिच्यावर सगळ्यात कठोर असतो. जपानमध्ये १३ वर्षं उलटलेल्या पेट्रोल गाडीचा वार्षिक कर वाढतो. भारतात खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि वारसा म्हणून मान्यता मिळणार पन्नाशी ओलांडल्यावर. मधली ३५ वर्षं मालकाने केवळ जिद्दीवर काढायची.

२००९ मध्ये आर्थिक मंदीवर उतारा म्हणून अनेक देशांनी जुनी गाडी मोडीत काढा आणि नवीवर पैसे मिळवा, अशा योजना आणल्या. अमेरिकेत काही आठवड्यांत पावणेसात लाखांहून जास्त गाड्या जमा झाल्या. २५ वर्षांच्या आतल्याच गाड्या योजनेत बसत होत्या, म्हणजे पुढच्या पिढीच्या क्लासिकच. इंजिन पुन्हा कुणी वापरू नये म्हणून नियम असा होता की त्यातलं तेल काढायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. द्रावणातलं पाणी उडून जातं, काचेसारखा थर बेअरिंगांना धरतो आणि इंजिन काही मिनिटांत करकरत जाम होतं. त्या गाड्यांपैकी बहुतेक खरंच जाण्याच्या लायकीच्या असतील. पण कुठली गाडी तिच्या जातीतली शेवटच्या काहीशेपैकी एक आहे, हे बघायला तिथे कुणी नेमलेलं नव्हतं, तशी सोयच नव्हती.

ट्राबांटची गोष्ट याहून बोलकी आहे. पूर्व जर्मनीत तीसेक लाख बनल्या. पत्र्याच्या टंचाईमुळे बॉडीचे भाग कापसाचा कचरा आणि राळ दाबून केलेले, इंजिन दोन-स्ट्रोकचं, मागे निळसर धूर. बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी त्या रस्त्याच्या कडेला सोडून दिल्या, काही तर कचऱ्याच्या पेट्यांशेजारी. त्या काळात या गाडीला वारसा म्हटलं असतं तर लोक हसले असते. आज ट्राबांट दिसली की जर्मनीत लोक थांबतात, मुलांना दाखवतात. भोवतालचा देश बदलला, लोकांची नजर बदलली आणि तीच गाडी मोलाची झाली. कुठली गाडी उद्या मोलाची ठरेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच मधल्या वयातली गाडी वयावरून मोडीत काढणं धोक्याचं आहे. तिची अवस्था बघा, वय बघू नका.

आता यंत्राबद्दल. उभी गाडी टिकते हा समज चुकीचा आहे, हे कुठलाही जुना मेकॅनिक सांगेल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून चिकट थर साठतो आणि जेट बुजतात. रबरी सीलं सुकून तडकतात. टायर एकाच जागी दाबले जाऊन चपटे होतात. बॅटरीचं तर विचारायलाच नको. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चाललेली गाडी वर्षातून दोनदा ट्रेलरवरून रॅलीला नेलेल्या गाडीपेक्षा निरोगी असते. आणि गाडीबरोबर हातही टिकतात. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट फीलर गेज लावून बसवणं, दोन कार्बोरेटर कानाने जुळवणं, शिसं लावून पत्रा भरणं, ही कामं रोज करणाऱ्यालाच येतात. गाड्या वापरात असल्या तर पार्ट बनत राहतात, पार्ट मिळाले तर गॅरेज चालतं, गॅरेज चाललं तर नवा पोरगा शिकायला येतो. गाड्या उभ्या राहिल्या की ही साखळी तुटते.

पण प्रदूषण? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणाऱ्या शौकिनांबद्दल मला सहानुभूती नाही. युरोपात १९९२ च्या ‘युरो १’ नियमांनंतर पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, सर्वत्र आला. त्याआधीच्या गाड्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं आजच्या गाडीच्या कितीतरी पट असतात. जुन्या गाडीमागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाच्या नाकाला हे कुठलीही आकडेवारी न बघता कळतं. त्यामुळे अशा हजारो गाड्या रोज शहरात फिराव्यात असं कुणी म्हणणार नाही.

मात्र हिशेब एका किलोमीटरचा करून भागत नाही, वर्षाचा करावा लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला १० किलोमीटर जाणारी जुनी गाडी वर्षाला २,००० किलोमीटर चालली तर २०० लिटर, म्हणजे सुमारे ४६० किलो. लिटरला १८ जाणारी नवी गाडी वर्षाला १५,००० चालली तर सुमारे १,९०० किलो. शिवाय नवी गाडी बनवतानाच काही टन कार्बन हवेत गेलेला असतो, जुनीचा तो कधीच जाऊन झाला आहे. विषारी वायूंच्या बाबतीत हा हिशेब जुन्या गाडीच्या इतका बाजूने लागत नाही, पण तिथेही निर्णायक आकडा वर्षाच्या किलोमीटरचाच. म्हणून मी म्हणतो, मर्यादा अंतरावर घाला. वर्षाला ३,००० किलोमीटर ही मला वाजवी मर्यादा वाटते. एवढ्यात गाडी आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर सहज चालते, म्हणजे यंत्र निरोगी राहतं, लोकांना ती दिसत राहते आणि टॅक्सीसारखी ती कुणी राबवू शकत नाही. मोजणीही अवघड नाही. तपासणीच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवायचा. क्लासिक गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या असे मर्यादित अंतराचे विमे केव्हापासून देत आल्या आहेत.

सुरक्षिततेबद्दल आणखी स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे एक भोळी समजूत फार पसरलेली आहे की जुन्या गाड्या जाड पत्र्याच्या, त्यामुळे भक्कम. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू एकमेकींवर ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने आदळवल्या. बेल एअरची पुढची बाजू थेट केबिनमध्ये घुसली, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग चालकाच्या पुतळ्यावर आलं. मालिबूचा चालक पायाच्या किरकोळ दुखापतीवर वाचला असता. जाड पत्रा धडकेचा जोर शोषून घेत नाही, माणसाकडे पोचवतो. शोषून घेण्यासाठी पुढचा भाग चुरगळावा लागतो आणि केबिन मजबूत राहावी लागते, ही समज नंतर आली. तीन बिंदूंचा पट्टासुद्धा व्हॉल्व्होच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये दिला आणि कंपनीने ते पेटंट इतरांसाठी खुलं ठेवलं, पण तो सगळ्या गाड्यांत यायला पुढे बरीच वर्षं लागली. जुनी गाडी चालवणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे. महामार्गावर वेगात घुसणं तिचं काम नाही.

यावर उपाय तपासणी कडक ठेवण्याचा आहे. ब्रिटनने २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट दिली. या गाड्यांचे मालक मुळात काळजी घेणारे असतात, हा त्यामागचा विचार. मला हा निर्णय पटत नाही. मालकाच्या प्रेमाने चॅसिसचा गंज थांबत नाही आणि ब्रेकचा पाइप आतून कुठे कुजला आहे हे गाडी वर उचलल्याशिवाय दिसत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. जुन्या गाडीला आजचे निकष लावू नयेत, तिच्या काळचे लावावेत, पण ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे आणि पत्र्याचा सांगाडा वेळच्या वेळी कुणीतरी तिऱ्हाइताने तपासावा. दाराच्या खांबातून हात बाहेर काढल्यासारखा दांडा काढणारे जुने इंडिकेटर मॉरिस मायनरवर फार सुंदर दिसतात. मागून येणाऱ्या आजच्या चालकाला ते कळत नाहीत. तिथे मागे दोन लुकलुकणारे दिवे जोडायला परवानगी असावी, आणि त्यामुळे गाडीची अस्सलता गेली असं कुणी म्हणू नये.

अस्सलतेचा प्रश्न निघालाच आहे, तर क्युबाकडे बघायला हवं. रोज वापरल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून हवानाच्या १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या दाखवल्या जातात. पण त्या तिथे हौसेने राहिल्या नाहीत, नाइलाजाने राहिल्या. क्रांतीनंतर अमेरिकेचा व्यापार थांबला, नव्या गाड्या मिळेनात, म्हणून लोकांनी होत्या त्याच जगवल्या. कित्येकींच्या बॉनेटखाली आज दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन आहे. तिथल्या मेकॅनिकांच्या कसबाला तोड नाही, पण त्या टंचाईचं कौतुक करायचं कारण नाही. त्यातून एवढंच घ्यायचं की वापरातली गाडी बदलते. काही बदल सोसावे लागतात, काही सोसू नयेत. इंजिनच बदललं तर गाडीची मूळ ओळख संपते, असं मला वाटतं. मूळ इंजिन काढून विजेची मोटर बसवण्याबद्दलही माझं हेच मत आहे. कायद्याने त्याला बंदी नको, पण त्या गाडीला ऐतिहासिक वाहनाच्या सवलती नकोत. ‘फिवा’नेही अशा रूपांतरित गाड्यांना ऐतिहासिक मानायला नकार दिला आहे आणि तिथे मी संघटनेशी सहमत आहे.

जुन्या गाड्या आजच्या रहदारीत चालूच शकत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी लंडन ते ब्रायटनची वार्षिक फेरी पाहावी. १८९६ मध्ये ब्रिटनने मोटारींवरची जाचक वेगमर्यादा शिथिल केली, त्या आनंदात निघालेल्या फेरीची ही आठवण. दर नोव्हेंबरमध्ये १९०५ पूर्वीच्या गाड्या, म्हणजे १२० वर्षांहून जुन्या, सुमारे ९० किलोमीटर जातात. उघड्यावर बसलेली माणसं, पितळी दिवे, काहींना स्टिअरिंगच्या चाकाऐवजी नुसता दांडा. लोक पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभे असतात, तिकीट न काढता. चढावर एखादी गाडी थकली की उतरून ढकलायला लागतात.

इंधनाबद्दल थोडक्यात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि जुन्या रबरी नळ्या, गास्केटं खराब करतं. ब्रिटनने २०२१ मध्ये १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास केलं तेव्हा महागड्या प्रीमियम पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांचा पर्याय शिल्लक ठेवला. अशी एक सोय प्रत्येक देशाने ठेवली तर पुरेसं आहे. ती महाग असली तरी चालेल, वर्षाला दोन-तीनशे लिटरच लागणार.

राहिले बघणारे. जुनी गाडी दिसली की फोटो काढणारे आणि तिची नोंद ठेवणारे लोक सगळीकडे आहेत, आणि त्यांच्या हातात एक मोठं काम आहे ज्याकडे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. कुठलं मॉडेल किती उरलं आहे, हे सरकारी नोंदणीच्या आकड्यांतून कळू शकतं. ब्रिटन असे मॉडेलवार आकडे नियमित प्रसिद्ध करतो. पण नोंदणी संपलेली, कुठेतरी शेडमध्ये पडलेली किंवा अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली गाडी त्या आकड्यांत येत नाही. ती डोळ्यांनाच दिसते. हौशी लोकांच्या नोंदी आणि सरकारी आकडे एकत्र आणले तर प्रत्येक देशाला आपापल्या संपत आलेल्या मॉडेलांची यादी करता येईल. त्या यादीतली गाडी मोडीत निघायला आली की तिला अनुदान मिळण्याआधी काही महिने थांबायचं, क्लबांना आणि हौशी खरेदीदारांना कळवायचं, कुणीच पुढे आलं नाही तर मग तोडायची. तोडताना पार्ट वेगळे काढून विकू द्यायचे, इंजिनासकट.

नोंद ठेवताना एक पथ्य पाळावं. नंबरप्लेट झाकावी आणि गाडी कुठे उभी असते ते जाहीर करू नये. जुन्या गाड्यांना आधुनिक कुलपं नसतात, चोरांना त्या सोप्या जातात. मालक जवळ असेल तर विचारूनच फोटो काढावा. बहुतेक मालक नुसती परवानगी देऊन थांबत नाहीत, बॉनेट उघडून दाखवतात.

वाहनांच्या नियमांचे मसुदे बहुतेक देशांत हरकती आणि सूचनांसाठी जाहीर होतात. तेव्हा लिहिणारे असतात वाहन उद्योगातले लोक, पर्यावरणाच्या संस्था आणि एखाद-दुसरा श्रीमंत क्लब. ज्यांना रस्त्यावर जुनी गाडी दिसली की बरं वाटतं, पण ज्यांच्याकडे स्वतःची एकही नाही, त्यांनी कधी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांनी लिहावं. मागणी दोन ओळींत मावते: वापराच्या हेतूवरची बंदी काढा आणि त्या जागी वर्षाचे किलोमीटर व नियमित तपासणी ठेवा, आणि पंधरा ते तीस वर्षांच्या गाडीचा निर्णय तिचं वय बघून नव्हे, तिची अवस्था बघून करा.